बॅटरी उतरवायच्या संध्याकाळी

अहो,

पत्राला सुरुवात कशी करायची ते सुचेना, म्हणून जशी हाक मारत होते तशीच मारली. तुम्ही गेल्यापासून दुसरा उन्हाळा आला. इतके दिवस एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण उद्या सकाळी तुमच्या बॅटऱ्या न्यायला माणूस येणार आहे.

कुठल्या बॅटऱ्या म्हणून विचारू नका. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतल्या. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या आणि माझ्या लाईटच्या. शनिवारी मी भिंगारचं हे घर सोडून आपल्या प्रज्ञाकडे सावेडीला राहायला जातेय. तुमचे कपडे, स्टँड, लग्नाच्या उरलेल्या कॅसेटी, कशाचं काय करायचं ते पटापट ठरलं. या पेटीशी येऊन मात्र आम्ही मायलेकी अडलो.

मी म्हटलं, "घंटागाडीत देऊन टाकू."

"आई, नाही हं," प्रज्ञा म्हणाली. "या निकेल-कॅडमियमच्या आहेत. कॅडमियम विषारी असतं. कचऱ्यात फुटल्या की मातीत जातं, मातीतून पाण्यात जातं. या वेगळ्या द्याव्या लागतात." तिच्या नागापूरच्या कंपनीतला असला कचरा नेणारा एक जण आहे. त्यालाच तिने बोलावलंय. तो त्या बॅटऱ्या एका कारखान्याला देतो आणि तिथे आतलं निकेल, कॅडमियम वेगळं काढतात म्हणे.

विषारी! किती वर्षं मी त्या कमरेला बांधून हिंडले! प्रज्ञाने समजूत घातली, की सगळं बंद डबीत होतं, डबी फुटल्याशिवाय काही होत नाही. दोन-चार बॅटऱ्यांच्या टोकांना पांढरी पूड धरली होती, आतलं पाणी पाझरून सुकलेलं. तिने हातमोजे घालून त्या वेगळ्या पिशवीत बांधल्या. बाकीच्यांच्या टोकांना आम्ही दोघींनी बसून चिकटपट्टी लावली, म्हणजे एकमेकींना टेकून ठिणगी नको पडायला.

तुम्ही असता तर पट्टी एकीकडे राहिली असती आणि तुमचं सांगणं सुरू झालं असतं.

आठवतं का, आपलं लग्न झाल्यावर तुम्ही मला चांदबिबीच्या महालावर घेऊन गेला होता? मी नवी साडी नेसले होते. वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार. तुम्ही कठड्याशी उभे राहून मला बॅटरी समजावलीत. आत एक पट्टी निकेलची, एक कॅडमियमची, मधे क्षाराचं पाणी. वीज देताना दोन्ही पट्ट्या हळूहळू बदलतात आणि चार्जिंगला लावलं की होत्या तशा परत होतात. साध्या टॉर्चच्या सेलला ते परत येणं जमत नाही, म्हणून तो फेकायचा. एक सेल सव्वा व्होल्टलाही थोडा कमी. असे पाच एकापुढे एक जोडले की सहा व्होल्ट, म्हणजे तुमचा कॅमेरा चालला. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा?

हे वेड मामंजींकडून आलेलं. मी या घरात आले तेव्हा ते नव्हते, पण त्यांच्या गोष्टी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकल्या, की मला ते भेटल्यासारखेच वाटतात. लष्कराच्या वर्कशॉपात ते बॅटरी रूमला होते. तिथल्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या म्हणजे लोखंडी पेट्या, उचलायला दोन माणसं लागायची. शिशाच्या, ॲसिडवाल्या बॅटऱ्या एका खोलीत आणि या दुसऱ्या खोलीत. नरसाळं वेगळं, भांडी वेगळी. ॲसिडचं भांडं चुकून इकडे लागलं की ही बॅटरी कामातून गेली. "दोघी सवती आहेत, एका चुलीवर आणायच्या नाहीत," असं मामंजी म्हणायचे ना? लष्कराला ही आवडायची, कारण थंडीत आखडत नाही, आदळआपट सोसते आणि रिकामी ठेवली तरी रुसत नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी स्वीडन देशातल्या कुणी इंजिनिअरने ती शोधली, हेही त्यांनीच तुम्हाला सांगितलेलं. पुढे ती बंद डबीत मावेल अशी करायला लोकांना बरीच वर्षं लागली, कारण चार्ज होताना आत वायू तयार होतो, तो आतल्या आत जिरवायचा कसा हे कोडं होतं. ते सुटलं आणि बॅटरी हातात मावायला लागली. "वडलांची खोलीभर होती, माझी खिशात आहे," असं तुम्ही म्हणायचा. त्यात वडलांचा अभिमान जास्त होता, की स्वतःचा, ते मला कधी कळलं नाही.

मी लाईट धरायला कशी लागले ते प्रज्ञाला काल पहिल्यांदा नीट सांगितलं. तुमचा लाईट धरणारा जोडीदार ऐन लग्नसराईत पुण्याला नोकरी लागून निघून गेला. तारखा दिलेल्या. तुम्ही डोक्याला हात लावून बसला होता. मी म्हटलं, "मी धरते. वर धरायचा आणि तुमच्या मागं चालायचं, एवढंच ना?"

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लोकांच्या लग्नात आपली सून उभी राहणार व्हय? लोकं काय म्हंतील?"

तुम्ही म्हणालात, "म्हणतील, उजेड चांगला पडला."

तो बॅटऱ्यांचा पट्टा तुम्ही माझ्या कमरेला स्वतः बांधलात. पदर वरून घेतला तरी दिसायचा. सेलांची रांग, त्यातून निघालेली वायर आणि हातात तो तापलेला लाईट. आत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोकाच्या बाया सोन्याचा कंबरपट्टा घालत्यात, माझ्या सुनंला ह्येनं बॅटऱ्यांचा केला." आणि मग त्याच हसल्या. त्यानंतर त्यांनी कधी अडवलं नाही. उलट कुठल्या लग्नात जेवायला काय होतं ते आल्या आल्या विचारायच्या.

लग्नात तुम्ही मला नावाने हाक मारत नव्हता. "लाईट, डावीकडं. लाईट, जरा वर." पाथर्डीकडच्या एका आजीबाईंनी मला जवळ घेऊन विचारलं होतं, "लाईटबाई, तुमचं माहेर कुठलं वो?" आपण दोघं एसटीत बसेपर्यंत हसत होतो. बाई असल्याचा फायदाही होता. नवरीच्या खोलीत तुम्ही दाराशी थांबायचा आणि मी आत. माझ्याकडे बघून नवऱ्या थोड्या सैल व्हायच्या. तुम्ही म्हणायचा, चेहरे आता चांगले येतायत.

त्याच भागातलं ते संध्याकाळचं लग्न विसरणं शक्य आहे का? वारं सुटलं, कुठंतरी तार पडली आणि गावातले दिवे गेले. माळा नुकत्या घालून झाल्या होत्या. माझ्या लाईटच्या उजेडात जेवणाची पंगत बसली. तुमच्याकडे कॅमेऱ्याच्या दोन भरलेल्या बॅटऱ्या शिल्लक होत्या आणि त्या तुम्ही पाठवणीसाठी राखून ठेवल्या होत्या. तेवढ्यात नवरीच्या काकीचा आवाज आला, "पिंकी कुठं दिसंना."

पिंकी म्हणजे काकीची धाकटी मुलगी, चार-पाच वर्षांची. आधी वाटलं मांडवातच असेल. मग कुणीतरी म्हणालं, "आगं हिरीकडं बघितलं का?" घराच्या मागे कठडा नसलेली विहीर होती.

तुम्ही माझा दंड धरलात आणि आपण निघालो. माणसं मागून हाका मारत येत होती. मी विहिरीवर लाईट धरला. पाणी खोल होतं, काळं, हलत नव्हतं. त्याच वेळी लाईट गेला. ही बॅटरी अशीच. मिणमिण होऊन सांगत नाही, शेवटपर्यंत सारखा उजेड देते आणि एकदम बसते.

तुम्ही म्हणालात, "लाईट, हलू नको. आहे तिथंच थांब." विहिरीच्या काठावर होते ना मी. मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. कॅमेऱ्यातली एक आणि बॅगेतली एक, अशा दोन्ही बॅटऱ्या तुम्ही काढल्यात. सहा आणि सहा बारा, लाईटला बाराच लागत. कुणीतरी काडेपेटीच्या काड्या ओढत होतं, तेवढ्या उजेडात तुम्ही वायरी दातांनी सोलून दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्यात. नवरीचे वडील शेजारी उभे होते. तुम्ही त्यांना एवढंच म्हणालात, "दादा, पुढचं शूटिंग व्हायचं नाही."

ते म्हणाले, "आधी पोरगी हुडका."

लाईट लागला. विहिरीच्या पलीकडे जुन्या मोटेचं दगडी थारोळं होतं, पूर्वी मोटेचं पाणी ओतायचं ते. कोरडंच होतं. तिथे काहीतरी चमकलं. टिकल्यांचा फ्रॉक. शेळीच्या पिलामागे गेलेली पोर थारोळ्यात अंगाची घडी करून झोपली होती, पिलू तिच्या पोटाशी. काकीने तिला उचललं तेव्हा ती चिडून म्हणाली, "मला झोपू दे की."

मी रडले. तुम्ही लाईट माझ्या हातातून घेतलात आणि मांडवापर्यंत स्वतः धरलात. तेवढ्या एकाच वेळी मी तुमच्या उजेडात चालले.

पाठवणी कंदिलावर झाली. नवरी वडलांच्या गळ्यात पडली, जीप निघाली आणि तुम्ही मेलेला कॅमेरा गळ्यात अडकवून उभे होता. परत येताना एसटीत म्हणालात, "बापाचा चेहरा राहिला गं." मग मांडवपरतणीला नवरी माहेरी आली, तेव्हा तुम्ही आपणहून गेलात आणि त्या कॅसेटच्या उरलेल्या जागेत बाप-लेकीला बसवून बोलतं केलंत. मधून मधून ती पिंकी पळत जाते. त्या घरात ती कॅसेट पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना दाखवायचे, असं नंतर कळलं.

लोकांचं असं तुम्ही किती केलंत. आणि आपलं?

आता मी जे बोलणार आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाहून आलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटऱ्या उतरवायचा तुमचा नेम होता. अर्धवट वापरलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावायची नाही. अर्ध्यावरून भरत गेलं की तिला तेवढंच लक्षात राहतं, पुढचं ती विसरते, म्हणून आधी पूर्ण रिकामी करायची. मग तुम्ही कॅमेरा स्टँडवर लावायचा, वायर टीव्हीला जोडायचा आणि नुसता चालू ठेवायचा. कॅसेट न घालता.

आणि टीव्हीत आपलं घर दिसायचं.

केवढी मजा होती त्या संध्याकाळी! प्रज्ञा नाचायची आणि नाचता नाचता टीव्हीत स्वतःला बघायला जायची. टीव्हीकडे बघितलं की टीव्हीतली प्रज्ञा भलतीकडेच बघताना दिसायची, कारण कॅमेरा बाजूला. याचं तिला इतकं आश्चर्य, की ती पुन्हा पुन्हा झटकन मान वळवून त्या दुसऱ्या प्रज्ञाला पकडायला बघायची. आत्या पदर नीट करून, पाटावर ताठ बसायच्या आणि म्हणायच्या, "ही म्हातारी कोन बसलीय? लई वाळली की." मी मेथी निवडत असायचे, तर टीव्हीत माझे हात दिसायचे. तुम्ही कधी कॅमेऱ्यामागे, कधी पुढे येऊन प्रज्ञाला उचलून घ्यायचा. मग चित्र थरथरायचं, टीव्ही निळा व्हायचा आणि तुम्ही बॅटरी काढून म्हणायचा, "चला, ही झाली. दुसरी लावू का?" आणि प्रज्ञा ओरडायची, "लावा."

मी एकदा म्हटलं होतं, "एखादी कॅसेट टाका की. राहील आपल्याला."

तुम्ही दुसरी बॅटरी बसवत होता. मान वर न करता म्हणालात, "रोजचंच आहे. हे काय पळून चाललंय का?"

पळूनच गेलं हो. आत्या गेल्या. प्रज्ञा मोठी झाली. कॅमेऱ्यात लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. हलक्या, कधीही लावा, कितीही लावा, उतरवायची गरज नाही. तुम्ही खुश होता. मला मात्र पहिल्या आठवड्यातच चुकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या. आपलं घर त्यात पुन्हा दिसलं नाही. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, तुमची कामं कमी होत गेली आणि तुम्ही शेजारच्यांचे इमर्जन्सी दिवे दुरुस्त करत बसायचा. त्यातही निकेल-कॅडमियमचे सेल असायचे. ते हातात आले की तुमचा चेहरा जुन्या ओळखीचं कुणी भेटल्यासारखा व्हायचा.

मग ती सकाळ. चहा प्यालात, कप खाली ठेवलात, म्हणालात, "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय." रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं होतं. हॉस्पिटलचं फाटक आलं तेव्हा डोकं जड झालं होतं. तुम्हाला काही म्हणायचं होतं का? मी वाकून कान लावला होता. रिक्षाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

लोक भेटायला यायचे तेव्हा ठेवायला तुमचा धड फोटो नव्हता. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस. शेवटी विहाराच्या एका कार्यक्रमाच्या फोटोतून तुम्हाला कापून मोठं केलं. शेजाऱ्याचा अर्धा खांदा अजून त्यात आहे. तुमचा आवाज काही कॅसेटींमध्ये आहे, दुसऱ्यांच्या लग्नात. "नवरदेव, इकडं बघा." मला उद्देशून एक अक्षर नाही, "लाईट" तेवढं सोडलं तर.

काल पट्ट्या लावता लावता प्रज्ञाने मोबाईलवर वाचलं आणि म्हणाली, "आई, ते लक्षात राहायचं प्रकरण लोक वाढवून सांगायचे. घरच्या वापरात तसं फारसं होत नव्हतं म्हणे. उलट दर वेळी पार रिकामी केली तर सेलला ते बाधतंच."

म्हणजे त्या संध्याकाळांची गरजच नव्हती. मी हातातली बॅटरी तशीच धरून बसले. प्रज्ञाला वाटलं मला वाईट वाटलं. मला वाईट नाही वाटलं. तुम्हाला हे कुणी आधी सांगितलं नाही, याचं मी किती भाग्य मानलं ते तिला कसं सांगू? लिथियम थोडी उशिरा आली, तुम्हाला थोडं चुकीचं ठाऊक होतं आणि तेवढ्यात आमचं केवढं सुख बसलं.

पण एक कॅसेट, अहो. एकच. तुम्ही प्रज्ञाला उचललंय आणि मागे मी मेथी निवडतेय, एवढीच. मी तुमच्यावर रागावलेली नाही. फक्त अजून रोज संध्याकाळी टीव्ही लावायच्या आधी त्या काळ्या काचेत खोली दिसते, तेव्हा मी क्षणभर थांबते. त्यात मी असते, पलंग असतो, दार असतं. मग मी बटण दाबते.

प्रज्ञा सावेडीला चल म्हणून तुम्ही गेल्यापासून मागे लागलीय. मी दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकललं. हे घर भाड्याचं असलं तरी तुमची चाहूल इथेच लागते असं वाटायचं. काल पेटी रिकामी झाली आणि मी माळ्याकडे बघितलं, तर तिथे नुसती भिंत होती. तेव्हा मला पहिल्यांदा जावंसं वाटलं.

तर तुम्हाला शब्द देते. उद्या सगळ्या बॅटऱ्या देईन, आठवण म्हणून एकही मागे ठेवणार नाही. कुणाच्या पाण्यात ते विष जावं असं तुम्हालाही आवडणार नाही. आणि शनिवारी कुलूप लावून निघेन, या वेळी खरंच. प्रज्ञाच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. घरभरणीला आपण गेलो होतो तेव्हा ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत आलं होतं आणि तुम्ही डोळे बारीक करून खोली बघत म्हणाला होता, "इथं तुला काही धरायला नको. उजेड आपसूक येतो." तिथे माझी खुर्ची ठेवायला सांगितलीय. रोज बसेन, हात मोकळे ठेवून.

तुमची,
सुनंदा